आच सगळी बुडाशी

पत्र थोडक्यात: गॅसची शेगडी जाऊन घरात इंडक्शन आलं, तेव्हापासून कार्बन स्टीलच्या वोकने, म्हणजे चिनी पद्धतीच्या खोलगट कढईने, एका वाचकांना जेरीस आणलं आहे. जुना गोल बुडाचा वोक टेकूच्या रिंगवर ठेवला तर शेगडी त्याला भांडं मानायलाच तयार नाही, नुसती टूं-टूं करते. म्हणून सपाट बुडाचा नवा घेतला. त्यात भाज्या परतल्या जात नाहीत, आपल्याच पाण्यात शिजतात. मधला लसूण करपतो आणि कडेचा कांदा कच्चा राहतो. बुडावर निळसर-तपकिरी कडं उमटलं आहे, बाजूंवर पिवळट चिकट थर बसला आहे. त्यातच एकदा पूर्ण पॉवरवर तापवल्यावर बूड खालच्या बाजूला फुगलं आणि आता वोक काचेवर भोवऱ्यासारखा फिरतो. घरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो नॉनस्टिक आणा, दुसरा म्हणतो वोकसाठी खोलगट काचेची वेगळी शेगडी घ्या. वाचकांचा प्रश्न असा: 'इंडक्शनमध्येच दम नाही, की मलाच वोक जमत नाही?' जाता जाता दोन शंकाही आहेत. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून खाली कागद घातला तर चालेल का, आणि वोक मधूनच गुणगुणतो तो कशाने?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे: बुडावरचं ते निळसर कडं. ते घासून काढू नका. आधी वोक उजेडात धरून नीट बघा. मधोमध बहुधा नाण्याएवढा फिका भाग दिसेल, त्याभोवती निळा-जांभळा पट्टा, त्याच्या बाहेर तपकिरी, मग पिवळसर, आणि बाजू चढायला लागली की पोलादाचा मूळ राखाडी रंग.

हा डाग नव्हे, आणि वोक वाया गेल्याची खूणही नव्हे. पोलाद तापलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग बदलत जातो: सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास पिवळसर, अडीचशेच्या पुढे तपकिरी, तीनशेच्या सुमाराला निळा. म्हणजे तुमच्या शेगडीने स्वतःचा नकाशाच बुडावर काढून दिला आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, मध्ये रिकामं. त्याच्या बरोबर वरचं पोलाद तीनशे अंशांपर्यंत गेलं, आणि चार बोटं वर, बाजूवर, तेव्हा फारशी धग पोचलेलीच नव्हती.

आता सांगा, पोलाद निळं पडेपर्यंत तापवणाऱ्या शेगडीत दम नाही असं कसं म्हणायचं?

थोडा हिशेब करू. घरगुती इंडक्शन साधारण २००० वॅटचं धरलं आणि त्यातली ८० ते ८५ टक्के उष्णता भांड्यात उतरते असं मानलं, तर १६०० ते १७०० वॅट पदरात पडतात. घरगुती गॅसचा मोठा बर्नर ३ किलोवॅटचा असला तरी निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या आजूबाजूने हवेत निघून जाते. हाती लागतात जेमतेम १२०० वॅट. म्हणजे गॅसवरून इंडक्शनवर येताना तुमची आच कमी झालेली नाही, उलट थोडी वाढली असण्याचीच शक्यता जास्त. हॉटेलातल्या वोकच्या भट्टीशी तुलना करत असाल तर ती सोडून द्या. तिथला एकेक बर्नर २५-३० किलोवॅटचा असतो. त्याच्या जवळपास तुमचा जुना गॅसही नव्हता.

मग बिघडलं कुठे? उष्णता कुठे पोचते, तिथे. गॅसची ज्योत बुडाला लागून बाजूंवर चढते, गरम हवा काठापर्यंत जाते, म्हणून अख्खा वोक तापतो. इंडक्शनमध्ये ज्योत नाही, गरम हवा नाही. काचेखालचं बदलतं चुंबकीय क्षेत्र पोलादात विजेचे भोवरे तयार करतं आणि पोलाद स्वतःच तापतं, पण ते क्षेत्र काचेपासून दूर जाताना झपाट्याने विरतं. बाजूंना उष्णता मिळायची तर ती बुडातून धातूमार्गेच वर यायला हवी, आणि इथे कार्बन स्टील फारसं मदतीला येत नाही. ॲल्युमिनियममधून उष्णता त्याच्या चार-पाच पट वेगाने जाते, तांब्यातून आठ पट. वोकचा पत्रा पुन्हा दीड-दोन मिलिमीटरचा. एवढ्या पातळ पत्र्यातून वर चढणार ती किती!

गोल बुडाचा वोक का चालला नाही, तेही यातूनच उलगडतं. ३५-३६ सेंटिमीटरच्या वोकची गोलाई पाहिली, तर मध्यापासून अवघ्या पाच सेंटिमीटरवर काच आणि पत्रा यांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फट पडलेली असते. टेकतो तो एक टिकलीएवढा ठिपका. रिंग घातली की तो ठिपकाही काचेवरून उचलला जातो. वर रिंग लोखंडी असेल तर वोकऐवजी तीच तापते. तेव्हा त्या वोकसाठी नवी रिंग शोधत बसू नका.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, 'मलाच जमत नाही का'. मला वाटतं, तुम्हाला गॅसवरचा वोक उत्तम जमतो आणि तीच सवय इथे आडवी येते आहे. कडेला ढकललेली भाजी शिजत राहील, काठावरून सोडलेला सॉस चर्रकन आटेल, वोक उचलून झटका दिला तरी आच चालू राहील, असं तुमचा हात धरून चालतो. ते सगळं गॅसचं होतं. इंडक्शनवर ठेवलेला वोक म्हणजे तेरा-चौदा सेंटिमीटरचा अतिशय कडक तवा आणि त्याला लागलेल्या उंच, थंड भिंती. एवढं मान्य केलं की बरीचशी कटकट संपते, आणि त्या थंड भिंतींचा उपयोगही करून घेता येतो.

सुरुवात तापवण्यापासून करा, कारण बूड फुगलं ते तिथेच. पूर्ण पॉवर किंवा बूस्ट दाबला की मधलं पोलाद अर्ध्या मिनिटात प्रसरण पावू लागतं, भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, मग ते वर किंवा खाली पोक काढतं. वोक हलक्या प्रतीचा निघाला असं लगेच मानू नका. पातळ कार्बन स्टील आणि रिकाम्या भांड्याखाली एकदम पूर्ण पॉवर ही जोडी महागड्या वोकचंही तेच करते. दहापैकी चार किंवा पाचवर ठेवा, तीन-चार मिनिटं जाऊ द्या. पाण्याचा थेंब टाकला आणि तो नुसता चुरचुरून न जाता मण्यासारखा गोळा होऊन पळू लागला की सातवर न्या, तेल घाला, आणि तेलाला लहर आली की मगच जिन्नस. जिन्नस पडल्याच्या क्षणी पूर्ण पॉवर द्यायला हरकत नाही, कारण आता ती उष्णता ओढून घ्यायला काहीतरी आहे. काम झाल्यावर तापलेल्या वोकवर गार पाणी ओतू नका, त्यानेही पत्रा वाकतो.

तापलेला वोक मध्येच थंड पडल्यासारखा वाटला तर घाबरू नका. काचेखाली एक तापमान मोजणारा सेन्सर असतो. रिकामा वोक फार तापला की तो पॉवर तोडतो. काही स्वस्त शेगड्या तर खालच्या आकड्यांवर आच खरोखर कमी न करता पूर्ण पॉवर काही सेकंद देतात, काही सेकंद बंद करतात. तुमची शेगडी तशी आहे का, हे वोकमध्ये पेलाभर पाणी उकळून कळेल: बुडबुडे एकसारखे येत राहिले तर बरं, येऊन-थांबून-येऊन असतील तर त्या आकड्यावर वोक तापवू नका, एक-दोन पायऱ्या वर जा आणि लक्ष ठेवा. याच पाण्यात बुडबुड्यांचं कडंही दिसेल, बुडावरच्या निळ्या कड्याच्या मापाचं. लसूण कुठे टाकायचा नाही ते त्यावरून ठरवा.

दुसरी गोष्ट, एका वेळी किती घालायचं. भाज्या पाण्यात शिजतात याचं मूळ इथे आहे आणि हिशेब अगदी सरळ आहे. भाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. अर्धा किलो चिरलेली भाजी नुसती उकळीच्या तापमानाला न्यायला १७०० वॅटच्या आचेला दीड मिनिट लागतं, आणि तेही काहीही वाया गेलं नाही तर. तोवर भाजीने पाणी सोडायला सुरुवात केलेली असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात, म्हणजे तुमची शेगडी पूर्ण जोरात मिनिटाला फार तर ४५ ग्रॅम पाणी उडवू शकते. त्याहून वेगाने पाणी सुटलं की ते बुडाशी साठणार, बूड शंभर अंशांवर अडकणार, आणि पुढे सगळं उकडणं. तेच दीडशे-दोनशे ग्रॅम घाला. अर्ध्या मिनिटात गरम, पाणी सुटेल तसं उडतं, भाजीला खरपूस डाग पडायला जागा राहते.

चारजणांचं करायचं तर एकेक वाटा परता, ताटलीत काढा, पुढचा घाला, आणि शेवटी सगळं एकत्र करून मिनिटभर फिरवा. वेळ जास्त लागेल असं वाटतं खरं, पण गच्च भरलेल्या वोकमधलं पाणी आटायची वाट बघण्यापेक्षा कमीच लागतो. धुतलेल्या भाज्या फडक्याने कोरड्या करून घ्या. मशरूमसारखी पाणी सोडणारी भाजी नेहमी वेगळी परता. फ्राइड राइससाठी गार, मोकळा भात घ्या. चिकनचे तुकडे घातल्यावर अर्धं मिनिट त्यांना हात लावू नका. सतत हलवलं की बुडाची आच एका जागी लागतच नाही आणि तुकडे रंग न घेताच शिजून जातात.

बाजूंचं म्हणाल, तर त्यांना विसाव्याची जागा समजा. परतून झालेलं वर ढकला, मधली जागा मोकळी करा, तिथे पुढचं घाला. गॅसवर कडेला ठेवलेलं करपतं. इथे ते नुसतं कोमट राहतं, ही सोयच आहे. अंडं घालायचं असेल तर भात कडेला सारून मध्ये फोडता येतं. मात्र सॉस काठावरून सोडायची सवय मोडावी लागेल. थंड भिंतीवरून ओघळत आलेला सोया सॉस चर्र करत नाही, खाली जाऊन भाताला ओलं करतो. मध्ये तळ उघडा करून थेट तिथे ओता. दोन सेकंदांत बुडबुडतो, वास बदलतो, मग भात त्यात ओढून घ्या.

लसूण-आल्याच्या वेळी मात्र उलट वागायचं. ते घालण्याच्या आधी पॉवर तीन-चारवर आणा, कारण त्या निळ्या कड्यावर पडलेला लसूण काही सेकंदांत काळा होतो. इंडक्शनची खरी मजा मला इथे वाटते. आकडा खाली आणला की आच त्याच क्षणी कमी होते आणि पातळ वोक लगेच निवतो. गॅसचं जाड जाळीचं स्टँड बराच वेळ धगधगत राहतं. इथे तसलं काही नाही.

झटका देण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सवय असणार. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या हंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी फ्राइड राइस उडवण्याच्या हालचालीवर 'जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी इंटरफेस'मध्ये शोधनिबंध लिहिला. व्यावसायिक आचाऱ्यांचं चित्रण करून त्यांनी दाखवलं की वोक सेकंदाला सुमारे तीन वेळा पुढे-मागे सरकतो आणि त्याच वेळी भट्टीच्या कडेवर टेकून वर-खाली झुलतो. आचारी वोक हवेत उचलून धरत नाही, भट्टीची कड त्याचा भार घेते. सपाट काचेवर ती कडच नाही. वोक उचललात की आच तुटते, काही सेकंद उचलून धरलात तर शेगडी भांडं हरवल्याचं सांगून बंद पडते, आणि आपटलात तर काच जाते. या काचेला उष्णता कितीही सोसते, ठोका सोसत नाही. तेव्हा वोक जागेवर ठेवा आणि रुंद उलथन्याने तळातून उचलून पालथं घाला.

त्या धुरकट खमंगपणाबद्दल, ज्याला वोक हेय म्हणतात, उगाच आशा लावत नाही. त्याचा एक भाग कडक तापलेल्या पोलादावर रंग धरण्यातून येतो. लहान वाटे आणि कोरडे जिन्नस घेतलेत तर तो तुम्हाला मिळेल. दुसरा भाग उडवलेल्या तेलाचे थेंब वोकच्या काठाशी ज्योतीत पेटण्यातून येतो, आणि ज्योतच नसेल तर तो येणार नाही. काहीजण तयार पदार्थ धातूच्या ताटात पसरून त्यावरून स्वयंपाकाची ब्लोटॉर्च झरझर फिरवतात. वास बऱ्यापैकी जवळ जातो. करायचंच असेल तर काचेपासून, तेलाच्या बाटलीपासून आणि चिमणीच्या तेलकट जाळीपासून लांब करा. रोजच्या जेवणासाठी मी तो खटाटोप करणार नाही.

आता फुगलेलं बूड. फेकू नका, कार्बन स्टीलचा हा गुण आहे की ते वाकतं तसं सरळही होतं. वोक पूर्ण थंड असताना जमिनीवर जाड टॉवेल पसरून त्यावर पालथा ठेवा, म्हणजे फुगवटा वर येईल. त्यावर लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्या, मध्यापासून कडेकडे. दर दोन-चार ठोक्यांनी स्टीलची पट्टी बुडावर आडवी धरून उजेडाच्या दिशेने बघा. पट्टी दोन्ही टोकांना टेकून मध्ये केसभर उजेड दिसला की थांबा. अगदी सपाट नको, किंचित आत गेलेलं हवं, म्हणजे तापून थोडं फुगलं तरी ते काचेवर टेकून राहील. ठोकताना मधलं सीझनिंग, म्हणजे तापलेल्या तेलाचं बसलेलं आवरण, थोडं उडेल, ते पुन्हा बसतं. ठोकूनही बूड प्रत्येक तापवणीत बाहेर येत असेल, तर मात्र त्या वोकवर वेळ घालवू नका.

बाजूंवरचा पिवळट चिकटपणा म्हणजे अर्धवट राहिलेलं सीझनिंग. तेलाचा पातळ थर पुरेसा तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंतून कोरडं, कडक आवरण तयार होतं. तेल जाड लागलं किंवा पत्रा पुरेसा तापला नाही, की ते मध्येच अडकतं आणि गोंदासारखं राहतं. तुमच्या बाबतीत दोन्ही झालं असावं, कारण इंडक्शनवर बाजू तेवढ्या तापतच नाहीत. गरम पाणी, साबण आणि खरखरीत घासणीने तो थर काढून टाका. साबणाने सीझनिंग जातं ही भीती सोडा. नीट बसलेलं आवरण भांड्यांच्या साध्या साबणाने जात नाही. ते जातं टोमॅटो, व्हिनेगर, लिंबाच्या आंबटपणाने आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवण्याने.

बाजू काळ्या करायच्याच असतील तर ओव्हन हा सरळ मार्ग. मूठ लाकडी किंवा प्लॅस्टिकची असेल तर आधी काढा. निघत नसेल तर हा नाद सोडा. वोकला आतून-बाहेरून तेलाचा हात लावा आणि मग चुकून लागलं होतं अशा थाटात कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्या. पुसल्यावर जे उरतं तेवढंच हवं. २३० अंशांवर पालथा ठेवून तासभर, मग आतच थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा केलं की रंग धरतो. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो.

ओव्हन नसेल तर? तर बाजू करड्याच राहू द्या. काळाभोर वोक छान दिसतो हे खरं, पण न चिकटण्याची गरज जिथे आच आहे तिथे असते, म्हणजे बुडाला. बाजूंना फक्त गंजापासून जपायचं. धुतल्यावर दोन मिनिटं शेगडीवर मंद तापवून कोरडा करा. बाजूंचं पाणी तेवढ्या आचेने सुकत नाही, म्हणून त्या फडक्याने पुसा, आणि तेलाचा हलका हात फिरवून ठेवा. बुडाचं सीझनिंग मात्र इंडक्शनवरच फार चांगलं होतं: मध्यम आचेवर तापवा, थेंबभर तेल पुसून घ्या, हलका धूर येऊन थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा करा. मधूनच काळे कण निघाले तर ते जळकं तेल आहे. घासून काढा आणि पुढे चालू.

आता तुमच्या घरातले दोन तट. नॉनस्टिकवाल्यांना सांगा की या शेगडीवर, या पद्धतीच्या स्वयंपाकासाठी, ती सगळ्यात चुकीची निवड ठरेल. नेहमीच्या नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या वर नेऊ नये. तुमच्या वोकवरचं निळं कडं तीनशेची साक्ष देत आहे. लेपाचा वोक असता तर तो तेव्हाच खराब झाला असता. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर अतितापलेल्या लेपाचा धूर त्याच्या जिवावर बेतू शकतो. मंद आचेवर अंडी करायला नॉनस्टिक ठेवा की, पण वोकच्या जागी नको.

खोलगट काचेची शेगडी ही खरी चीज आहे. वेटोळंही वाटीसारखं वळलेलं असतं, त्यामुळे बाजूंचा बराच भाग तापतो आणि तुमचा जुना गोल वोक पुन्हा कामाला येऊ शकतो. पण ती काच एका ठरावीक गोलाईची असते. वोकची गोलाई तिच्याशी जुळली नाही तर पुन्हा तीच फट, तीच टूं-टूं. घ्यायची झाली तर वोक सोबत नेऊन त्यात बसवून बघितल्याशिवाय घेऊ नका. पॉवर किती ते विचारा. घरच्या सपाट शेगडीइतकेच वॅट असतील तर तीच उष्णता मोठ्या पृष्ठावर पसरेल एवढंच. त्याहून मोठ्या, हॉटेलच्या ताकदीच्या शेगड्यांना वेगळं वायरिंग लागतं. आणि तिच्यावर दुसरं कुठलंही भांडं बसत नाही. आठवड्यातून चार-पाचदा वोकमध्येच स्वयंपाक होत असेल आणि ओट्यावर कायमची जागा देता येत असेल, तरच मी त्या तटात सामील होईन. मोठ्या ज्योतीचा बाहेर वापरायचा गॅस बर्नर हा आणखी एक मार्ग. गच्ची किंवा अंगण असेल तर खुशाल. पण बंद घरात तो कधीही पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइड साठतो.

दोन्ही तटांना न सुचलेला एक पर्याय मला सुचतो: सपाट, रुंद कार्बन स्टीलचं फ्राइंग पॅन. चौदा सेंटिमीटर बुडाच्या वोकला सुमारे १५४ चौरस सेंटिमीटर तापलेली जागा मिळते, चोवीस सेंटिमीटर बुडाच्या पॅनला सुमारे ४५०. जवळपास तिप्पट. एवढ्या जागेवर भाजी पसरते आणि वाफ अडकत नाही. वोकची उंच भिंत नसल्याने थोडं बाहेर सांडेल, ते पत्करा. फक्त आधी वेटोळ्याचं माप बघा. निळं कडं जर बारा-तेरा सेंटिमीटरचंच असेल तर मोठ्या पॅनच्या कडा तितक्याच थंड राहतील आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. मिश्र थरांचे, आत ॲल्युमिनियम असलेले वोकही मिळतात. त्यांच्या बाजू बऱ्या तापतात, पण ते जड असतात आणि आतलं स्टेनलेस स्टील अन्न धरून ठेवतं. कार्बन स्टीलचा हात बसलेल्या माणसाला ते आवडेल असं मला वाटत नाही.

यातलं काहीही विकत घेण्याआधी बूड ठोकून घ्या आणि काही आठवडे लहान वाटे करून बघा. गोल वोक टाकू नका; तेल लावून, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. खोलगट शेगडी घ्यायचं ठरलं तर तोच लागेल.

राहिल्या तुमच्या दोन शंका. काचेवर कागद नको. तुमचं बूड तीनशे अंशांना जातं आणि कागद त्याच्या बराच आधी करपतो, पेटूही शकतो. सिलिकॉनची चटईसुद्धा एवढ्या तापमानाची नसते, शिवाय ती सेन्सर आणि वोक यांच्या मध्ये येते. ओरखडे टाळायचे तर वोक ओढू नका, उचलून ठेवा, आणि ठेवण्याआधी बूड व काच दोन्ही पुसा. वाळूचा एक कणही ओरखडा काढायला पुरतो.

गुणगुणणं हा बिघाड नाही. वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलतो आणि पातळ पत्रा त्या चुंबकीय ओढाताणीने थरथरतो. पॉवर जास्त आणि वोक रिकामा असेल तेव्हा आवाज मोठा येतो. तुमचं बूड एका ठिपक्यावर टेकून डुगडुगतं आहे, त्यानेही आवाज वाढला असणार. ते सरळ झाल्यावर फरक पडेल. तरीही खडखड ऐकू आली तर मुठीचा स्क्रू आवळून बघा.